इंग्लंडच्या ग्रामीण भागातील ऐतिहासिक घरे आणि बागा : भेटीची आखणी कशी करावी

इंग्लंडच्या प्रवासात आपल्याकडची बहुतेक कुटुंबे लंडनला सात-आठ दिवस देतात आणि उरलेल्या एक-दोन दिवसांत गावाकडची एखादी जुनी वास्तू बससहलीतून उरकतात. अशा सहलीत प्रवेशद्वारापाशी छायाचित्र निघते, दोन दालने नजरेखालून जातात आणि बाग काचेआडूनच दिसते. ही घरे त्यापेक्षा पुष्कळ अधिक देतात, पण त्यासाठी आखणी वेगळी करावी लागते. माझा आग्रह असा आहे की एका दिवशी एकच घर पाहावे, आणि ते त्याच्या बागेसह, मुदपाकखान्यासह आणि ज्या पैशातून ते उभे राहिले त्या पैशाच्या हिशेबासह पाहावे. पुढची सर्व माहिती या आग्रहाला धरून दिली आहे.

घर कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी पाहावे

तिकीट, वेळा, सवलती आणि घराचा एकंदर स्वभाव हे सारे मालकीवर अवलंबून असते, म्हणून पहिली पायरी हीच. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला नॅशनल ट्रस्टचा. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली या तिघांनी 1895 मध्ये स्थापन केलेली ही धर्मादाय संस्था आहे आणि ओकचे पान हे तिचे चिन्ह आहे. दुसरा इंग्लिश हेरिटेजचा. किल्ले, मठांचे अवशेष आणि काही मोठी घरे या संस्थेकडे आहेत. पूर्वी ती सरकारी होती, 2015 पासून धर्मादाय आहे. तिसरा प्रकार खासगी घरांचा, जिथे मूळ घराण्यातील माणसे आजही राहतात. अशा अनेक मालकांची हिस्टॉरिक हाउसेस नावाची संघटना असून तिच्या सभासदांना तीनशेहून अधिक ठिकाणी विनामूल्य प्रवेश मिळतो.

इतकी घरे संस्थांकडे आली ती मुख्यतः करांमुळे. विसाव्या शतकात वारसा कर इतका चढला की घराचा मालक वारला की जमीन, चित्रे आणि शेवटी घरही विकण्याची वेळ येई; शेकडो घरे पाडली गेली. मालकाने घर देखभालीच्या निधीसह नॅशनल ट्रस्टला द्यावे आणि कुटुंबाने तिथे राहत लोकांना ते पाहू द्यावे, अशी सोय 1937 च्या कायद्याने झाली. या योजनेसाठी झटणाऱ्या लॉर्ड लोथियन यांचे नॉरफोकमधील ब्लिकलिंग हॉल त्यांच्या मृत्यूनंतर 1940 मध्ये ट्रस्टकडे गेले. डर्बीशरमध्ये याचे आणखी स्पष्ट उदाहरण दिसते. डेव्हनशरचे दहावे ड्यूक 1950 मध्ये अचानक वारले आणि मालमत्तेवर 80 टक्के कर आकारला गेला. घराण्याने चॅट्सवर्थ राखले, पण हार्डविक हॉल कराच्या बदल्यात सरकारला दिले आणि तिथून ते 1959 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आले. म्हणूनच आज चॅट्सवर्थला ट्रस्टचे कार्ड चालत नाही आणि हार्डविकला चालते.

व्यवहाराच्या दृष्टीने असे करावे. प्रथम पाहायच्या घरांची यादी करावी, प्रत्येकापुढे मालक लिहावा आणि मगच पास घ्यावा. इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठी 9 किंवा 16 दिवसांचा पास असतो. तो स्टोनहेंज आणि दोन-तीन मोठ्या ठिकाणांसाठी सहज परवडतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे मुलांकडे वर्षातून एकदा जाणाऱ्या कुटुंबांनी नॅशनल ट्रस्टच्या वार्षिक कौटुंबिक सभासदत्वाचा विचार जरूर करावा, कारण त्यात प्रवेशाबरोबर ट्रस्टच्या बहुतेक वाहनतळांचे शुल्कही वाचते. तिकीट काढताना ‘गिफ्ट एड’ हवे का, असा प्रश्न येतो. देणगीवरील कर संस्थेला परत मिळवून देणारी ही योजना ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठीच आहे, त्यामुळे भारतातून आलेल्या पाहुण्यांनी तिथे नकार द्यावा आणि साधे तिकीट घ्यावे.

महिना निवडताना बागेला विचारावे

घराचे दालन बाराही महिने सारखेच दिसते. बाग मात्र दर तीन आठवड्यांनी बदलते. फेब्रुवारीत स्नोड्रॉप, मार्चमध्ये डॅफोडिल, एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत झाडांखाली पसरलेले निळे ब्लूबेल, मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन आणि भिंतींवरून लोंबणारा विस्टेरिया, जूनमध्ये गुलाब, जुलै-ऑगस्टमध्ये बहुवर्षायू फुलझाडांचे लांब ताटवे आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून पानगळीचे रंग असा साधारण क्रम असतो.

महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी या दृष्टीने फार सोयीची आहे, कारण मे आणि जूनचे पहिले दिवस हा इंग्रजी बागांचा सर्वांत भरलेला काळ असतो आणि संध्याकाळी नऊपर्यंत उजेड राहतो. मेच्या अखेरीस तिथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. तेवढे दिवस मुलांची गर्दी गृहीत धरावी. मे महिन्यातला पहिला आणि शेवटचा सोमवार सार्वजनिक सुट्टीचा असतो. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर गर्दी असते आणि हिरवळही पुष्कळदा पिवळी पडलेली असते, म्हणून पर्याय असेल तर हा काळ टाळावा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना ससेक्समधील शेफील्ड पार्क किंवा विल्टशरमधील स्टाउरहेड येथे तळ्यात पडलेली लाल-केशरी झाडांची प्रतिबिंबे पाहता येतील. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि अंधार लवकर पडतो.

हिवाळ्यात बाग आणि उपवन उघडे असले तरी घर बंद असण्याची शक्यता मोठी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च या काळात अनेक घरांत वस्तूंवर आच्छादने घालून स्वच्छता आणि डागडुजी केली जाते. सप्टेंबरमध्ये असाल तर हेरिटेज ओपन डेज या उपक्रमाच्या तारखा पाहाव्यात. एरवी बंद असलेल्या किंवा तिकीट असलेल्या कितीतरी वास्तू तेव्हा विनामूल्य उघडतात.

सारा इंग्लंड नव्हे, एक परिसर

घरांची नावे नकाशावर मांडली की ती पुंजक्या-पुंजक्यांनी दिसतात. एक पुंजका निवडावा, तिथे तीन-चार रात्री मुक्काम करावा आणि रोज एक घर पाहावे. प्रथमच जाणाऱ्यांना मी डर्बीशर सुचवीन, कारण तिथे चार शतकांची चार अगदी वेगळी घरे जवळजवळ आहेत.

बेकवेल या छोट्या बाजारगावी मुक्काम करता येतो. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून चेस्टरफील्डला रेल्वेने सुमारे दोन तासांत पोहोचता येते आणि पुढे बस मिळते. पहिला दिवस हॅडन हॉलला द्यावा. बेकवेलपासून तीनेक किलोमीटरवर वाय नदीकाठी असलेले हे मध्ययुगीन घर सुमारे दोनशे वर्षे जवळपास रिकामे होते, कारण त्याचे मालक, रटलंडचे ड्यूक, बीव्हर येथील आपल्या दुसऱ्या प्रासादात राहत. कोणी राहिले नाही म्हणून कोणी सुधारणाही केल्या नाहीत आणि जुने घर जसेच्या तसे टिकले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस नवव्या ड्यूकनी ते हळुवारपणे राहते केले. झिजलेल्या दगडी पायऱ्या आणि लाकडी पडद्यामागचे मोठे भोजनगृह पाहताना घाई करू नये.

दुसरा पूर्ण दिवस चॅट्सवर्थचा. आजचे घर डेव्हनशरच्या पहिल्या ड्यूकनी 1687 पासून बांधून घेतले. दालने दीड-दोन तासांत पाहून होतात, पण बागेला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. जोसेफ पॅक्स्टन हा इथला मुख्य माळी. टेकडीवर तळे खोदून केवळ उतारावरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालणारे एम्परर कारंजे त्याने रशियाच्या झारच्या अपेक्षित भेटीसाठी 1844 पर्यंत उभे केले. झार आलाच नाही, पण कारंजे आजही पंपाशिवाय उडते. याच पॅक्स्टनने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला 1835 मध्ये ऑर्किड आणण्यासाठी भारतात पाठवले होते. आपल्याला सर्वांत जवळची गोष्ट मात्र केळीची आहे. मॉरिशसहून इंग्लंडमध्ये आलेली एक बुटकी केळ पॅक्स्टनने इथल्या काचघरात वाढवली आणि मालकाच्या कॅव्हेन्डिश या घराण्याचे नाव तिला मिळाले. जळगावच्या बागांतील बसराई आणि ग्रँड नैन ही दोन्ही वाणे याच कॅव्हेन्डिश गटातली आहेत. घराभोवतीच्या उपवनात पायी फिरण्यास शुल्क नाही, त्यामुळे संध्याकाळी नदीकाठाने चालायला पुन्हा येता येते.

तिसऱ्या दिवशी हार्डविक हॉल पाहावे. श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजेच ‘बेस ऑफ हार्डविक’, हिने 1590 च्या दशकात रॉबर्ट स्मिथसनच्या आराखड्याने हे घर बांधले. मनोऱ्यांच्या माथ्यावर तिच्या नावाची इ.एस. ही आद्याक्षरे दगडात उभी आहेत. त्या काळी काच अतिशय महाग होती, आणि या घराच्या भिंतींत दगडाहून काचच अधिक वाटते. वर जावे तसतशी मजल्यांची उंची वाढत जाते आणि सर्वांत मानाची दालने सर्वांत वर आहेत. माझ्या मते चारही घरांत वास्तू म्हणून हेच श्रेष्ठ आहे. इथे बसने पोहोचणे अवघड असल्याने चेस्टरफील्डहून टॅक्सी ठरवावी आणि परतीची वेळही तेव्हाच पक्की करावी. चौथे घर डर्बीजवळचे केडलस्टन; त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

केवळ बागांसाठी जायचे असेल तर दुसरे दोन परिसर चांगले. कॉट्सवोल्डच्या उत्तर भागात लॉरेन्स जॉन्स्टन यांनी 1907 नंतर घडवलेले हिडकोट आहे. उंच छाटलेल्या कुंपणांनी पाडलेल्या ‘खोल्यां’ची ही बाग नॅशनल ट्रस्टने 1948 मध्ये केवळ बाग म्हणून स्वीकारलेली पहिली बाग होती, तिच्या समोरच किफ्ट्सगेट ही खासगी बाग आहे. केंट-ससेक्समध्ये व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरॉल्ड निकल्सन या दांपत्याने 1930 मध्ये विकत घेतलेले सिसिंगहर्स्ट आणि जवळच ग्रेट डिक्स्टर आहे. सिसिंगहर्स्टची पांढऱ्या फुलांची बाग जूनच्या उत्तरार्धात ऐन बहरात असते.

पोहोचण्याची सोय

ही घरे मुद्दामच गावांपासून दूर बांधलेली आहेत. रेल्वे आणि बस यांवर विसंबायचे असेल तर घराच्या संकेतस्थळावरील प्रवासाची माहिती आधी वाचावी, आणि रविवारी बस धावते का, हे स्वतंत्रपणे तपासावे. ग्रामीण मार्गांवर रविवारी पुष्कळदा बस नसते. शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून ठेवावी, कारण दऱ्याखोऱ्यांत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. दोघे मिळून प्रवास करत असाल तर ‘टू टुगेदर’ आणि साठी ओलांडलेल्यांसाठी ‘सीनियर’ रेलकार्ड घ्यावे. तिकिटांवर एक-तृतीयांश सूट मिळते आणि दोन लांबच्या फेऱ्यांत कार्डाची किंमत वसूल होते.

गाडी भाड्याने घेतल्यास भारतीय परवान्यावर पाहुण्यांना 12 महिन्यांपर्यंत चालवता येते, पण भाडे कंपनीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या आधी विचाराव्यात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते. अडचण येते ती उंच कुंपणांच्या अरुंद रस्त्यांवर, जिथे समोरून ट्रॅक्टर आल्यास मागे जाऊन वाट द्यावी लागते. शेवटच्या काही किलोमीटरांत मोबाइलच्या नकाशापेक्षा रस्त्यावरील तपकिरी पाट्यांवर विश्वास ठेवावा. नकाशा पुष्कळदा नोकरांच्या जुन्या फाटकाशी नेऊन सोडतो, पाट्या मात्र वाहनतळावर नेतात.

आदल्या दिवशी

घर त्या दिवशी उघडे आहे का, हे आदल्या दिवशी पुन्हा पाहावे. खासगी घरांत लग्नसमारंभ किंवा चित्रीकरण असते आणि प्रवेश अचानक बंद होतो. बाग साधारण सकाळी दहाला आणि घर अकराच्या सुमारास उघडते; शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या सुमारे तासभर आधी असतो. वेळेचे तिकीट लागत असेल तर सर्वांत पहिली वेळ घ्यावी.

पायात पाणी न शिरणारे, सपाट तळाचे बूट असावेत. टोकदार टाचांना जुन्या लाकडी जमिनींवर मज्जाव असतो. पातळ रेनकोट मे महिन्यातही जवळ ठेवावा. पाठीवरची पिशवी आत पुढे घ्यावी लागते किंवा कप्प्यात ठेवावी लागते. चहागृहात शाकाहारी सूप, भाजलेला बटाटा, चीजचे सँडविच आणि जॅम आणि घट्ट साय (क्लॉटेड क्रीम) यांसह स्कोन हा छोटा गोडसर पाव बहुतेक ठिकाणी मिळतात. अंडे न खाणाऱ्यांनी केक आणि स्कोन घेताना आवर्जून विचारावे. घरून नेलेल्या पोळी-भाजीचा डबा उपवनातील हिरवळीवर खाता येतो, मात्र आखीव बागेत आणि घरात खाण्यास मनाई असते. ऑक्सफर्डशरमधील राउशम येथे तर चहागृहच नाही. डबा नेणेच अपेक्षित आहे, आणि तिथे 15 वर्षांखालील मुलांना प्रवेशही नाही.

घरात शिरल्यावर

डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. पडदे ओढलेले असतात ते उन्हाने कापड आणि जलरंग कायमचे फिके पडतात म्हणून. हार्डविकमधील भिंतीवरचे विणलेले पट चारशेहून अधिक वर्षे टिकले ते या काळजीमुळेच. फ्लॅश वापरू नये. खुर्चीवर पाइनचे बोंड किंवा वाळलेले काटेरी फूल ठेवलेले दिसले तर तिच्यावर बसू नये असा त्याचा अर्थ आहे.

प्रत्येक दालनात एक स्वयंसेवक उभा असतो, बहुधा निवृत्त आणि त्या घराचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेला. तो आपणहून फारसे बोलत नाही, पण विचारल्यास भरभरून सांगतो. ‘या खोलीत तुम्हाला सर्वांत आवडणारी वस्तू कोणती?’ हा प्रश्न विचारून पाहावा. माहितीफलकावर नसलेली गोष्ट कळते.

दालनांचा क्रम समजून घेतला की घर वाचता येते. दर्शनी दालने पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी असत, आणि एकातून दुसऱ्यात जाताना दारे एका रेषेत येत. पाहुण्याचा मान जितका मोठा तितका त्याला आत प्रवेश. सोळाव्या शतकातील लांबलचक गॅलरी ही पावसाळी दिवसांत घरातल्या घरात फिरण्याची जागा होती. त्यानंतर मागच्या जिन्याने खाली जावे. मुदपाकखाना, घंटांची रांग, धुलाईची खोली आणि नोकरांचे भोजनगृह पाहिल्याशिवाय वरच्या मजल्यावरचा थाट कोणाच्या श्रमांवर उभा होता, हे कळत नाही. ससेक्समधील पेटवर्थ येथे मुदपाकखाना वेगळ्या इमारतीत असून जेवण भुयारातून मुख्य घरात नेले जाई. अनेक पाहुणे हा भाग वेळ संपल्याने सोडून देतात; त्यापेक्षा वरची दोन दालने सोडावीत.

बागेत फिरताना

बागेचा नकाशा प्रवेशद्वारीच घ्यावा आणि ती कोणत्या काळातील आहे, हे विचारावे. सतराव्या शतकाची आवड भूमितीची होती. कंब्रियातील लेव्हन्स हॉलमध्ये तेव्हापासून छाटत आणलेले यूचे वृक्ष आजही तऱ्हेतऱ्हेच्या आकारांत उभे आहेत. अठराव्या शतकात भिंती आणि सरळ रेषा मोडून तळी, टेकड्या आणि मंदिरे अशी रचना आली की ती निसर्गतःच तशी आहे असे वाटावे. ‘केपेबिलिटी’ ब्राउन 1741 मध्ये बकिंगहॅमशरमधील स्टो येथे मुख्य माळी झाला आणि पुढे देशभर अशा बागा त्याने रचल्या. या बागांत हिरवळ थेट कुरणाला भिडलेली दिसते, पण गुरे आत येत नाहीत, कारण मध्ये ‘हा-हा’ नावाचा खोल चर असतो, ज्याची घराकडची बाजू भिंतीने बांधलेली आणि पलीकडची उताराची असते. मुलांना तो कडेवर जाऊनच दिसतो, म्हणून त्यांचा हात धरावा. स्टाउरहेडच्या तळ्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने चालावे. बँकर हेन्री होर यांनी पूल, मंदिरे आणि गुहा एकामागून एक उलगडाव्यात अशी रचना त्याच दिशेसाठी केली होती.

यू आणि फॉक्सग्लव्ह या दोन्ही वनस्पती विषारी आहेत, त्यामुळे लहान मुलांना पाने-फळे तोंडात घालू देऊ नये. हरणांच्या कुरणातून उंच गवतात चालल्यास घरी आल्यावर पायांवर गोचीड चिकटली नाही ना, हे पाहावे. वाटेतील फाटक जसे उघडे किंवा बंद सापडले तसेच ठेवावे.

आपला इतिहास जिथे भेटतो

या घरांतील पैशाचा एक भाग भारतातून गेला, आणि आता ते लपवले जात नाही. नॅशनल ट्रस्टने 2020 मध्ये वसाहतवाद आणि गुलामगिरी यांच्याशी असलेल्या संबंधांचा अहवाल काढला आणि त्यात आपल्या 93 मालमत्तांचा उल्लेख केला. बर्कशरमधील बॅसिल्डन पार्क हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत बंगालमध्ये संपत्ती मिळवलेल्या फ्रान्सिस साइक्स यांनी बांधले. ग्लॉस्टरशरमधील सेझिनकोट येथे तर मुघल धाटणीचे घुमट, सूर्यमंदिर आणि नंदींनी सजवलेला पूल आहे. ते खासगी असल्याने ठरावीक दिवशीच खुले असते. आइल ऑफ वाइटवरील ऑस्बोर्न येथील दरबार दालन लाहोरच्या भाई राम सिंग यांनी रचले. हॅम्पशरमधील स्ट्रॅटफील्ड से हे वेलिंग्टनच्या ड्यूकचे घर. जालना जिल्ह्यातील असई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच; वर्षातील थोडेच दिवस हे घर उघडते, म्हणून तारखा आधी पाहाव्यात.

एकच निवडायचे असेल तर केडलस्टन निवडावे. डर्बीपासून टॅक्सीने जाता येते. वास्तुकार रॉबर्ट ॲडमच्या कामाचे हे उत्तम उदाहरण, आणि कोलकात्याचे राजभवन (आताचे लोकभवन) याच घराच्या धर्तीवर बांधले गेले. भावी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचा जन्म इथे 1859 मध्ये झाला. भारतात आणि आशियात त्यांनी जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय तळमजल्यावर आहे. त्यांच्या पत्नीने 1903 च्या दिल्ली दरबारात घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही इथे आहे. त्याचे भुंग्यांच्या पंखांनी मढवलेले जरीकाम भारतीय कारागिरांनी केले होते. बंगालची फाळणी करणाऱ्या याच कर्झननी 1904 चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा आणला, आणि इंग्लंडला परतल्यावर टॅटरशल व बोडियम हे किल्ले विकत घेऊन वाचवले व नॅशनल ट्रस्टला दिले. संग्रहालयात उभे राहून वस्तू कशी मिळाली, विकत, भेट की आणखी कशी, हे प्रत्येक फलकावर शोधावे आणि लिहिलेले नसेल तर स्वयंसेवकाला विचारावे. हा प्रश्न भारतीय पाहुण्याने विचारणे अगदी रास्त आहे.

ज्येष्ठ मंडळी आणि तिथे राहणारी कुटुंबे

अनेक घरांत वरच्या मजल्यावर उद्वाहन नसते, पण तळमजला, चहागृह आणि बागेचा काही भाग चाकाच्या खुर्चीने पाहता येतो. खुर्ची किंवा बॅटरीवरची छोटी गाडी पुष्कळ ठिकाणी मिळते. ती फोन करून राखून ठेवावी. अपंग पाहुण्यासोबतच्या मदतनिसाला नॅशनल ट्रस्टमध्ये वेगळे तिकीट लागत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक दालन खुले आहे. 1927 पासून चाललेल्या नॅशनल गार्डन स्कीममध्ये सामान्य माणसे आपली खासगी बाग वर्षातून एखाद-दोन दिवस उघडतात आणि जमलेली रक्कम परिचर्या व आरोग्यसेवेच्या संस्थांना जाते. रस्त्यावर पिवळी पाटी दिसते, थोडके प्रवेशशुल्क असते, घरचा केक आणि चहा मिळतो, आणि रोप कुठून आणले, छाटणी कधी केली, हे थेट मालकाला विचारता येते. पावसामुळे बेत बदलू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाची नोंद योजनेच्या संकेतस्थळावर पाहावी. काही बागा रोपेही विकतात, पण ती भारतात आणण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि आयात परवाना लागतो, तेव्हा परतीच्या सामानात ती ठेवू नयेत.